बाकामागची भिंत

जेवणाच्या खोलीचं रूप पालटायचं आणि खिशाला मात्र कळू द्यायचं नाही, हे काम माझ्याइतकं कुणाला जमत नाही असं मला वाटायचं. मी एका फर्निचरच्या दुकानासाठी गाद्यांची आणि खुर्च्यांची कव्हरं शिवते. उरलेलं कापड, फोमचे तुकडे, रंग विटला म्हणून दुकानाने बाजूला टाकलेला तागा, सगळं माझ्याकडे जमतं आणि मी काही टाकत नाही. नवरा म्हणतो, हिच्या घरात मोडकी सुईसुद्धा कामावर असते.

घर आम्ही जुनंच घेतलं, कारण नवं परवडणार नव्हतं. होतं नव्हतं ते त्यातच गेलं. बाकीच्या खोल्या ठीक होत्या, पण जेवणाची खोली बघून माझं तोंड वाकडं झालं. गडद चॉकलेटी भिंती, टेबलावर लोंबणारा एकच पिवळा दिवा आणि एका बाजूला भिंतीतच रोवलेला लांब लाकडी बाक. बाकामागच्या भिंतीवर केसांच्या तेलाचे तीन डाग होते. माणसं वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं टेकून बसली की पडतात तसे. एक उंच, त्याच्या शेजारी जरा खाली दुसरा, आणि टोकाला, कोपऱ्यात, एक ठेंगणा. घर दाखवणारा दलाल म्हणाला होता की आधीची मंडळी फार शांत, जेवताना भांड्याचासुद्धा आवाज यायचा नाही. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

आधी हीच खोली हातात घ्यायचं कारण म्हणजे आमची मुंगी. लेकीला हे नाव तिच्या बाबाने दिलं, ती खाते मुंगीएवढं म्हणून. शाळेत जायला लागली तरी तिला मागच्या मागच्या वर्षीचे फ्रॉक सैल व्हायचे. डॉक्टरीणबाई तिला काट्यावर उभी करायच्या, काटा बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. त्यांनी सांगितलं की पोरीला एकटीला भरवत बसू नका, सगळे मिळून टेबलाशी बसा, जेवायची जागा जरा आनंदाची करा. वजन असंच उतरत राहिलं तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल, हेही सांगितलं. औषध म्हणून खोली रंगवायला लावणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते, पण मी पदर खोचून कामाला लागले.

टेबल घासून पॉलिश केलं. पिवळ्या दिव्याला उरलेल्या कापडाची टोपी शिवली. भिंत फोडल्याशिवाय बाक निघणार नव्हता, तेव्हा त्याच्यावर चांगला जाड फोम घातला आणि निळं कव्हर चढवलं. रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं की तेलाचे डाग आधी सोड्याने धुवा, मग प्रायमर मारा आणि मगच रंग लावा. मी भिंत धुतली, पण प्रायमरचा डबा वाचवला. सरळ लोण्याच्या रंगाचे दोन हात मारले आणि खोली उजळून निघाली.

पहिल्याच दिवशी मुंगी धावत गेली ती थेट बाकाच्या कोपऱ्याकडे, ठेंगणा डाग होता त्याच्या अगदी शेजारी. डोकं मागे टेकून बसली आणि जेवली. ताटातलं सगळं संपवून तिने आणखी भात मागितला. नवऱ्याने मला डोळा मारला, म्हणाला, रंगाने पोट भरतं हे माहीत असतं तर बादलीभर आणला असता. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी मनसोक्त रडले.

थोड्याच दिवसांत रंगातून डाग वर आले. नवरा म्हणाला, तुझ्या कंजुषीला तोंड फुटलं. त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून मी मुकाट्याने आणखी एक हात मारला. डाग पुन्हा आले. फक्त या वेळी कोपऱ्यातला ठेंगणा डाग मला जरा वर वाटला. आधी तो मुंगीच्या कानाशी यायचा, आता तिच्या टाळूशी येत होता. स्वतःलाच वेड्यात काढत मी कापडावर आखायच्या खडूने त्याच्या वरच्या कडेला रेघ ओढून ठेवली. पुढच्या रविवारी भिंत पुसायला गेले तर डाग रेघेच्या बोटभर वर होता. बाकीचे दोन होते तिथेच होते.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी काटा बघितला. वजन आणखी उतरलं होतं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, पोर बापापेक्षा जास्त जेवतेय, तुमचा काटाच बिघडलाय. मग मीच त्याच्यावर उभी राहिले. माझ्या बाबतीत तरी काटा अगदी प्रामाणिक निघाला. त्यांनी हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून यायचा होता. मी आणि मुंगी दोघीच टेबलाशी होतो. तिचं ताट रिकामं होत आलं होतं. खोलीत तिच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिने चावणं थांबवलं, तरी आवाज येतच राहिला. अगदी हळू, तोंड मिटून चावल्यासारखा.

"मुंगे... पोट भरलं का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"अगं, एवढं खाल्लंस ना आत्ता?"

"मी नाही खात, आई. मी नुसती चावते."

"मग खातं कोण?"

"हळू बोल ना... त्याचं व्हायचंय अजून."

मी तिच्याकडे बघत होते, पण नजर गेली ती तिच्या शेजारी. बाकाच्या गादीला तिथे खड्डा पडला होता. आयुष्य फोममध्ये गेलंय माझं. कुणी बसल्याशिवाय फोम असा दबत नाही. माझ्या डोळ्यांदेखत तो खड्डा सावकाश भरत वर आला, कुणी उठून गेल्यावर येतो तसा. मी फोम घालेपर्यंत तो नुसता लाकडी बाक होता, टोचणारा. त्याच्यावर मऊ बैठक मीच करून दिली होती.

मी मुंगीला उचलून बाहेर आणलं. नवरा आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही, कारण तोवर त्याने खडूची रेघ पाहिली होती. आम्ही खोलीला कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरात पानं घेतली. मुंगीने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती उठून उभी राहीना. नवरा तिला उचलून हॉस्पिटलात न्यायला निघाला, आणि मी त्याला म्हटलं की मला थोडा वेळ दे, मी त्या खोलीत एकदा बसून बघते.

भर दुपार होती. मी ताट वाढून घेतलं, कुलूप काढलं आणि मुंगीच्या जागेवर जाऊन बसले. डोकं टेकवलं तर भिंत गरम लागली, ताप असलेल्या कपाळासारखी. मी घास घेतला. तोंडात चव होती, पण घास गळ्याखाली उतरलाच नाही. गिळल्याचा आवाज झाला तो माझ्या कानाशी. मी घासामागून घास घेत गेले आणि माझी भूक वाढतच गेली. अशी भूक मला कधी लागली नव्हती. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त मला रडू आलं, कारण एवढी भूक कुणा पोराने पोटात घेऊन बसावी हे मला सहन होईना.

मी शेजारच्या रिकाम्या जागेला म्हटलं, "तुझं ताट वेगळं वाढते. रोज वाढते. पण तिचं तिला राहू दे..."

मी उठले, दुसरं ताट आणून कोपऱ्यात ठेवलं. अन्न होतं तसंच दिसत राहिलं. पण घटकाभराने ताट उचललं तर ते हाताला रिकामं असल्यासारखं हलकं लागलं.

संध्याकाळी मुंगीने स्वयंपाकघरात बसून अंडं मागितलं. खाल्लं आणि ढेकर दिली. नवरा तिच्याकडे बघत राहिला आणि मग तोंड धुवायला म्हणून उठून गेला.

त्यानंतर रोज एक ताट जास्त. घर सोडायचं तर जायचं कुठे, हा प्रश्न होताच. शिवाय मुंगी भरू लागली होती. तिला गाल आले, नवे फ्रॉक लागले. डॉक्टरीणबाई खोली सजवायच्या आपल्या उपायावर फार खूश होत्या. कोपऱ्यातला डागही वाढत होता. वाढत्या अंगाचं पोर आहे, वाढणारच, असं मी म्हणायचे. माणसाला कशाचीही सवय होते. पुढे मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात पोटात हालचाल सुरू झाली, तेव्हा मुंगी कान लावून बसायची आणि आत कोण आहे ते विचारायची.

आज सकाळी ताट ठेवायला गेले. मधल्या डागाच्या खाली, बाकापासून वीतभर उंचीवर, एक नवा डाग होता. ओला. वाटीएवढा. कुणी बाईने मूल मांडीवर आडवं घेतलं तर त्याचं डोकं जिथे टेकेल, तिथे.

ताटातलं खाणाऱ्याची सोय मी केली होती. तान्ह्याला काय वाढू?

तेव्हापासून मी पोटावर हात ठेवून बसले आहे. अजून काही हललेलं नाही.