कडक की मऊ

सिग्नल हिरवा झाला, तिने क्लच सोडला आणि तिची लाल स्पोर्ट्स कार हलायच्या आधी बॉनेटखाली 'धाड' असा आवाज झाला.

"माउंटिंग गेलंय!" शेजारच्या मोटरसायकलवरचा तरुण हेल्मेटची काच वर करून ओरडला.

"काय गेलंय?"

"इंजिन ज्या रबरांवर बसतं ना, ती! फाटलीत. इंजिन उड्या मारतंय तुमचं!"

मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. मुलींशी बोलायला लोक काय काय निमित्तं काढतात... मनाशी म्हणत ती निघून गेली.

पण धाडधाड काही थांबेना. शेवटी तिने आपल्या क्लिनिकजवळचं गॅरेज गाठलं, तर एका गाडीखालून आधी दोन बूट आले आणि मग सिग्नलवरच्या त्या तरुणाचे हसरे डोळे.

"या! वाटच बघत होतो."

"माझी?"

"इंजिनची," तो म्हणाला – आणि कानापर्यंत लाल झाला.

ती दातांची डॉक्टर. ही सेकंडहँड गाडी तिने हौसेने स्वतःच्या कमाईतून घेतलेली. आईला ती मुळीच पसंत नव्हती. "चार माणसं मावत नाहीत, ती कसली गाडी!" पण तिचा जीव होता त्या गाडीवर.

मेकॅनिकने दोन प्रकारची माउंटिंगं तिच्यापुढे ठेवली – एक मऊ रबराचं, एक कडक.

"कडक. शर्यतीच्या गाड्यांना तीच लावतात, मी वाचलंय."

"हो, पण तुम्ही रोज रस्त्यावर..."

तिने भुवई उंचावून नुसतं पाहिलं.

"...कडक तर कडक," तो म्हणाला.

पहिल्याच वळणावर ती खूश झाली. ॲक्सिलरेटरला पाय टेकायचा अवकाश, गाडी झेपावत होती. मात्र सिग्नलला थांबली की आरसा थरथरायचा, सीट थरथरायची, स्टिअरिंग तर हातात भुंगा धरल्यासारखं गुणगुणायचं. दुसऱ्या दिवशी घरून क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत बोटांना मुंग्या! एक आजोबा आ वासून खुर्चीत बसले होते आणि ती बोटं चोळत उभी.

"डॉक्टर, तोंड मिटू का थोडा वेळ?" आजोबांनी विचारलं.

तिला हसू आलं, पण बोटं चोळणं काही थांबेना. तिचं पोट खरोखरच हातावर होतं. गाडी विकायची की काय?

दुपारी ती तणतणत गॅरेजमध्ये शिरली. "असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

तो हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "होतं."

"मग बोलला का नाहीत? मी पेशंटच्या होला हो मिळवत बसले तर?"

"चुकलंच माझं. वाटलं... नाही म्हटलं, तर तुम्ही दुसऱ्या गॅरेजात जाल."

"एक गिऱ्हाईक गेलं असतं. त्यात काय एवढं?"

"गिऱ्हाईक गेलं असतं तर चाललं असतं हो..."

त्याने पान्हा उगाच उचलून परत ठेवला. ती रागावली होती – निदान तसं तिला वाटत होतं.

"आता खरं सांगा. काय लावायचं?"

"इंजिनच्या दोन्ही बाजूंना मऊच. गिअरबॉक्सच्या मागे थोडं घट्ट. म्हणजे इंजिन डुलणार नाही आणि हातही शाबूत राहतील. झेप मात्र थोडी कमी होईल."

"किती?"

"बसून बघू या?"

काम झालं तेव्हा उन्हं कलली होती. ती चालवत होती, तो शेजारी, गुडघे जवळ घेऊन. तिने चढावर गाडी दामटली, गिअर बदलला. धाड नाही, थरथर नाही. झेप जराशी उणी... पण चालेल, तिने ठरवलं. टेकडीवर गाडी उभी केली. इंजिन सुरू होतं आणि तरी शेजारी बसलेल्या त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मुंग्या?" त्याने विचारलं.

"बोटांत नाहीत," ती म्हणाली आणि घाईने समोर बघायला लागली.

तो सगळं धैर्य गोळा करून म्हणाला, "गाडी आता ठणठणीत आहे. म्हणजे तुम्ही... परत यायचं काही कारणच उरलं नाही."

"कारण कशाला हवं?" तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "रविवारी क्लिनिक बंद असतं. तुला वेळ आहे?"

'तुला' ऐकून तो चमकला. तिने शब्द बदलला नाही.

"आहे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी आहे."