आकडी धरणारा माणूस

बिशर पहिल्यांदा आमच्या गॅरेजात आला तो जळक्या ब्रेकचा वास घेऊन.

"मिस्त्री कुठे आहेत?" त्यानं मलाच विचारलं. माझ्या हातात पाना, डोक्यावरच्या रुमालावर चढवलेला गॉगल, अंगात तेलानं माखलेला डगला... आणि हा विचारतोय, मिस्त्री कुठे आहेत!

"आहेत इथेच," मी म्हटलं.

"कधी भेटतील?"

"तुम्ही नीट बघितलंत की लगेच."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. अम्मानच्या बयादर भागात आमची गल्ली सगळी गॅरेजांचीच, आणि त्या गल्लीत बाई मिस्त्री मी एकटीच, त्यामुळे दर आठवड्याला असा एखादा लाल होतोच. गॅरेज बाबांचं. तीस वर्षं त्यांनी पेट्रोलच्या इंजिनांत घालवली. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, म्हणून सगळे त्यांना थोरल्या मुलीच्या नावानं अबू सुंदुस म्हणतात. ती सुंदुस मी. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा बाबांनी हात वर केले, मी रीतसर शिकून आले आणि मागच्या खोलीत बॅटरीचं काम सुरू केलं.

"रात्री चार्जिंग किती करता?" मी बिशरला विचारलं.

"पूर्ण. शंभर टक्के."

"आणि सकाळी कुठे जाता?"

"घर सॉल्टला. तिथून खाली शूनाला, खजुराच्या बागेत. कृषी अभियंता आहे मी." हे त्यानं जरा छाती काढून सांगितलं.

"म्हणजे हजार मीटरचा उतार. अहो अभियंता, उतारावर पाय उचलला की ही गाडी स्वतःच स्वतःला आवरते आणि त्यातून तयार झालेली वीज परत बॅटरीत भरते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती भरणार कुठे? तुमच्या खिशात? मग सगळा भार ब्रेकवर. रोज! जळतील नाहीतर काय होईल?"

"पण आई म्हणते, घरातून कधी अर्ध्या पोटी निघू नये."

"आईचं जेवणाच्या बाबतीत ऐका. गाडीला ऐंशी टक्के पुरे."

तो हसला. हसताना त्याच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. ती मला आवडली, उगाच खोटं कशाला बोलू?

दहा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. हातात खजुरांचा डबा.

"ब्रेक छान आहेत, मिस्त्रीबाई. पण ऐंशीवरून आकडा एकदम पन्नासवर येतो. मग पुन्हा पासष्ट. मनात येईल तसं."

मला वाटलं, आला बहाणा घेऊन. असे बहाणेवाले मी पुष्कळ पाहिलेत. पण यंत्र लावून बघितलं तर खरंच बॅटरीतलं एक मॉड्यूल, म्हणजे एक डबी, कमजोर निघालं. गाडीच्या पोटात अशी अठ्ठेचाळीस मॉड्यूल असतात, आणि एक लंगडं झालं की सगळी त्याच्यासाठी थांबतात.

"बॅटरी उघडावी लागेल," मी म्हटलं. पण बॅटरी मला उघडता येत नव्हती.

येत नव्हती म्हणजे, हात शाबूत होते, अक्कल शाबूत होती. माणूस नव्हता. उघडी बॅटरी एकट्यानं हाताळायची नाही, हा माझ्या खोलीचा पहिला नियम. काम करणारा एक आणि त्याच्यामागे आकडी धरून उभा राहणारा एक. आकडी म्हणजे दोन मीटर लांबीची, वीज न वाहणारी काठी, टोकाला माणसाची कंबर मावेल एवढा वाक. काम करणारा विजेला चिकटलाच तर मागच्यानं त्याला आकडीनं ओढायचं. हातानं नाही. हात लावला की दोघंही जातात.

तीन वर्षं ती आकडी बाबांनी धरली. मग फेब्रुवारीत त्यांच्या छातीत पेसमेकर बसला. खोलीच्या दारावर मीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं: हृदयात यंत्र असलेल्यांनी पिवळ्या रेघेच्या आत येऊ नये. बाबा रेघेपाशी खुर्ची टाकून बसायला लागले आणि माझी खोली बंद पडली. शेजारच्या गॅरेजवाल्याला एकदा उभं केलं, तर तो सगळा वेळ फोनवर मेव्हण्याशी भांडत होता. दुसरा म्हणाला, बाईमाणसाच्या हुकमावर मी उभा राहणार नाही. बाबांनी शेवटी सांगितलं, "बकरी ईदपर्यंत बघू, पोरी. माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर खोली टायरवाल्याला देऊन टाकू. तू पुढे बसून टायर बदल." म्हणजे मी शिकले ते सगळं पाण्यात! रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते मी.

हे सगळं मी बिशरला का सांगितलं कोण जाणे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी उभा राहतो."

"तुम्ही?"

"शनिवारी सुट्टी असते मला. आणि आकडी धरायची सवय आहे. आमच्या दारातल्या झाडाची डाळिंबं मीच काढतो."

"मी डाळिंब नाही."

"ते दिसतंय," तो म्हणाला. बाबा रेघेपलीकडून उगाचच खोकले.

शनिवारी तो सातलाच आला. मी त्याचं घड्याळ काढायला लावलं, पट्टा काढायला लावला, खिशातली नाणी, किल्ल्या सगळं बाहेर. रबरी हातमोज्यांत हवा कोंडून कुठे भोक नाही ना ते कानाशी धरून ऐकायला शिकवलं. मग गाडीचा सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारी खुंटी, काढून तो माझ्या खिशात घातला, म्हणजे चुकून कोणी परत बसवायला नको, आणि दहा मिनिटं घड्याळ लावून बसले.

"आता काय?" त्यानं विचारलं.

"आता काही नाही. प्लग काढला तरी आत वीज मुरलेली असते. ती उतरेपर्यंत थांबायचं. मग तारांच्या टोकांवर वीज मोजायची. मी आकडा मोठ्यानं सांगेन, शून्य म्हटलं की तारा सोडवायच्या आणि पुढचं काम. आणि शून्य फक्त तारांत, बरं का. बॅटरी उघडली की आतली मॉड्यूल जिवंतच असतात."

"आणि मी बघायचं कुठे?"

"माझ्या हातांवर. चेहऱ्यावर नाही. चेहऱ्याला शॉक लागत नाही."

"बघणाऱ्याला लागतो, त्याला विचारा..."

"आकडी नीट धरा," मी म्हटलं. गॉगल होता म्हणून बरं, नाहीतर माझे डोळे हसताना त्याला दिसले असते.

दोन तास तो उभा राहिला. एक शब्द नाही, फोन नाही, भिंतीला टेकणं नाही. माझे हात कधी कोणी इतके बघितले नव्हते. जाड रबर, त्यावर चामडं, आत घामानं भिजलेली बोटं, बघण्यासारखं काय होतं त्यात? पण पाठीमागून ती नजर जाणवत राहिली आणि मला माझेच हात देखणे वाटायला लागले. वेडेपणा, दुसरं काय!

त्याची गाडी झाली. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा मी म्हटलं, "तुमची गाडी तर ठीक आहे."

"माझी आहे. ती पांढरी कुणाची?"

ती एका दंतवैद्याची होती. बिशरनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग तिसरा शनिवार, चौथा. कधी झातरचा मसाला लावलेल्या मनाकीश रोट्या आणायचा, आम्ही तिघं बाहेर बाकावर बसून चहाबरोबर खायचो. बाबांना तो काका म्हणायचा, आणि बाबा त्याला पेट्रोलच्या जमान्याच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचे. गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागली. मला शनिवारची चटक लागली. शुक्रवारी संध्याकाळीच नखं घासून साफ करायला लागले, हातमोज्यांच्या आत कोणाला दिसणार होती ती!

पाचव्या शनिवारी खमसीनची, त्या वाळवंटी वाऱ्याची, धूळ सुटलेली. आकाश पिवळं, नाकातोंडात वाळू. उघड्या बॅटरीवर वाकून मी एक नट आवळत होते आणि पाना हातातून निसटला. पडला तो बरोबर एका मॉड्यूलच्या दोन टोकांवर. फाडकन आवाज, निळा-पांढरा लोळ... मी किंचाळले.

आणि बिशरनं आकडी टाकली. टाकलीच! जमिनीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला, आणि पुढच्या क्षणी त्याचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते.

मला काही झालं नव्हतं. एका मॉड्यूलमध्ये आठच व्होल्ट असतात, पाना जळला एवढंच. पण तो माझे खांदे सोडत नव्हता आणि मला भीती नाही, राग आला होता.

"हात लावलास तू!"

"सुंदुस, तुला लागलं का? दाखव..."

"हात लावलास! मी खरंच चिकटले असते तर आत्ता बाबांसमोर दोन मुडदे पडले असते!"

"मला सुचलंच नाही. तू ओरडलीस आणि... माझं प्रेम आहे गं तुझ्यावर. कसं सुचणार?"

असं कोणी मला पहिल्यांदा म्हणत होतं. आणि मी काय म्हटलं? "म्हणूनच तू नकोस इथे! मला असा माणूस हवा जो मी मेले तरी आकडी सोडणार नाही. जा. बाहेर हो."

त्यानं घड्याळ उचललं आणि गेला. पट्टा विसरला होता, तो आणायला परत आला, तेव्हाही मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर थांब म्हटलं असतं.

दोन शनिवार कोरडे गेले. ईद दहा दिवसांवर आली. टायरवाला मोजपट्टी घेऊन आला, खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला, वर मला म्हणाला, "रॅक इथे बसेल ना, ताई?" मी त्याला दार दाखवलं. पण त्या दिवशी मला खोलीपेक्षा जास्त बिशर हवा होता, आणि तेच नेमकं मला चालणार नव्हतं. आकडी धरायला कोणीही परका चालला असता. मला परका नको होता.

शुक्रवारी गल्ली बंद असते. माझा चष्मा गॅरेजात राहिला म्हणून मी दुपारी गेले, तर मागच्या अंगणातून ओरडा येत होता. "वाचवा! मेले! वाचवा!" आवाज बाबांचा, पण बारीक काढलेला, बायकी.  धावत जाऊन दाराच्या फटीतून बघितलं... बाबा खुर्चीवर पाय पसरून चहा पीत ओरडत होते. समोर माझा जुना डगला, आत चिंध्या कोंबलेल्या, पिंपावर ओणवा घातलेला. आणि बिशर घामानं निथळत आकडी घेऊन उभा.

त्यानं डगल्याच्या कमरेत आकडी घातली आणि ओढली. डगला धपकन खाली पडला, तसा हा पुढे झेपावला, उचलायला.

"लावलास हात! मेलास!" बाबा गरजले. "दोघं मेलात. चल, पुन्हा."

"काका, आज साठ वेळा झालं."

"माझं दोनशे वेळा झालं होतं. तुला काय वाटलं, मला पोरीची माया नव्हती? पहिलं वर्षभर ती घरी गेली की मी इथे चिंध्या ओढत बसायचो. पुन्हा!"

मी चष्मा न घेताच परत फिरले. रस्ताभर डोळे गळत होते. बाबांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिशर दारात उभा. "येऊ का?"

"ये," मी म्हटलं.  त्यानं घड्याळ काढलं, पट्टा काढला, हातमोजे कानाशी धरून ऐकले. लिफ्टवर एका शिक्षिकेची गाडी होती. मी प्लग काढून खिशात घातला. दहा मिनिटं थांबलो. मी तारांची टोकं मोजली. रोज आकडा मोठ्यानं सांगते. त्या दिवशी सांगितला नाही. दोन्ही हातांनी त्यातली नारिंगी तार धरली आणि जीव खाऊन किंचाळले.

कमरेला असा हिसडा बसला की सांगता सोय नाही! मी मागच्या मागे रबरी चटईवर आदळले. माकडहाड ठणकलं, डोळ्यांसमोर काजवे चमकले. वर बघितलं तर बिशर दोन मीटरवर, आकडी घट्ट धरून. चेहरा चुन्यासारखा पांढरा.  पण पाय जागचे हलले नव्हते.

"सुंदुस... बोल काहीतरी. हात नाही लावला मी. बघ, नाही लावला."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. मी त्याच्याकडे हात पसरला. "उठव मला."

तो पुढे आला नाही. "आधी सांग, मोजलंस का?"

"मोजलं."

"किती?"

"शून्य," मी म्हटलं. "आणि आईला घेऊन कधी येतोयस आमच्याकडे, तेही सांग."

त्यानं आकडी नीट खिळ्याला अडकवली, मग माझा हात धरला, आणि मी उभी राहिल्यावरही सोडला नाही. पिवळ्या रेघेपलीकडे बाबा टायरवाल्याला फोनवर सांगत होते, की खोली द्यायची नाही, दुसरीकडे बघ.