अर्धी मुद्रा

अपुलियाच्या किनाऱ्यावर, जिथे समुद्राचे पाणी थेट खडकाला भिडते, त्या रोकामारे नगरीच्या टोकाशी राजांचा किल्ला उभा होता. तिन्ही अंगांना समुद्र, चौथ्या अंगाला खंदक, खंदकावर दगडी पूल आणि पुलाच्या तोंडाशी लोखंडी पट्ट्यांनी मढवलेला महादरवाजा. एरवी पहाट फुटताना कोळ्यांच्या नावा किनारा सोडीत आणि चर्चची घंटा वाजे. त्या पहाटे नावा जळून काळ्या पडल्या होत्या आणि घंटा वाजवायला कोणी उरले नव्हते. उत्तरेकडचा ड्यूक आर्नाल्दो याच्या फौजेने नगर घेतले होते, आणि जी माणसे जीव घेऊन निसटली ती मुलाबाळांसह किल्ल्याच्या चौकात दाटीने बसली होती. राजा लान्दोल्फो शत्रूला मैदानात गाठायला म्हणून बाहेर पडला होता, तो परत आला नव्हता.

किल्लेदार ग्वाल्तिएरो दरवाजावरच्या बुरुजावर उभा होता. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या गळ्यात चांदीच्या मुद्रेचा अर्धा तुकडा लोंबत असे. राजघराण्याचा जुना रिवाज होता: राजा किल्ल्याबाहेर पडला की महादरवाजा मिटायचा, आणि राजाकडचा अर्धा तुकडा किल्लेदाराच्या तुकड्याशी जुळल्याखेरीज तो कोणासाठीही उघडायचा नाही, खुद्द राजासाठीही नाही. तुकडे जुळले, की मात्र किल्लेदाराने एक अक्षर न विचारता दरवाजा उघडायचा. किल्लेदार जिवंत असेतो दुसरी मुद्रा पाडायची नाही. तो मेल्यावर मोकळ्या, कोणाच्या कैदेत नसलेल्या राजाने पुलावर उभे राहून, फौजेच्या साक्षीने, ती पाडायची. राजे दगाफटक्याला फार भीत, म्हणून त्यांनी हे सगळे इतके घट्ट बांधून ठेवले होते. लान्दोल्फो तर त्याहून सावध. लढाईत तुकडा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जाताना तो राणी अदेलिनाच्या स्वाधीन करून गेला होता. शहाणपणाच्या भरात केलेली ही चूक आता सगळ्यांच्या मुळावर येणार होती.

ऊन वर आले तेव्हा पुलाच्या पलीकडून शिंगे फुंकली गेली. ड्यूकचे स्वार दोन्ही बाजूंना सरकले आणि मधून एक माणूस पुढे ढकलला गेला. अनवाणी, हात पाठीशी आवळलेले, गळ्यात दोर. बुरुजावरच्या शिबंदीने त्याला ओळखले आणि सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"किल्लेदार," ड्यूकचा भालदार ओरडला, "तुझा राजा ओळख. मध्यान्हीपर्यंत दरवाजा उघडलास तर राजाला आणि आतल्या प्रत्येक जिवाला अभय आहे. नाहीतर याचे डोके याच पुलावर पडेल."

अभयाचा अर्थ चौकातल्या माणसांना ठाऊक होता. शेजारच्या वेल्लानो गावाने ड्यूकच्या शब्दावर वेशीचे दार उघडले होते. त्या गावच्या विहिरी प्रेतांनी भरल्या होत्या आणि ज्या थोड्या बायका वाचल्या त्या याच चौकात बसल्या होत्या.

राजाने मान वर केली. राजाने अशा वेळी काय बोलावे हे दरबारी भाटांनी ठरवून ठेवलेले असते. गळ्याला खरोखर दोर लागला की ते आठवत नाही.

"ग्वाल्तिएरो, दरवाजा उघड," राजा म्हणाला. आवाज फाटला होता. "माझा तुकडा राणीजवळ आहे. तिच्याकडून घे. मला जगायचं आहे."

दोन्हीकडच्या माणसांनी ते ऐकले.

राणी अदेलिना तोवर बुरुजावर आली होती. तिच्या मुठीत चांदीचा तुकडा होता. तिच्या मागे ग्वाल्तिएरोचा धाकटा भाऊ रिनाल्दो, जो किल्ल्याचा नायब होता, खाली मान घालून उभा राहिला.

"किल्लेदार, तुकडा आणला आहे," राणी म्हणाली. "जुळवा आणि दरवाजा उघडा."

"राणीसाहेब, एकदा खाली चौकात बघावे. वेल्लानोच्या बायका तिथे आहेत. ड्यूकच्या शब्दाची किंमत त्यांना विचारावी."

"त्यांचे नवरे मेले, ग्वाल्तिएरो. माझा अजून जिवंत आहे." तिने मूठ पुढे केली. "मी विनंती करत नाही. तुकडा पुढे केला आहे. आता नकार देण्याचा अधिकार तुम्हाला नाही."

ती खरे बोलत होती. तुकडे जुळले असते तर शपथेने बांधलेला हा माणूस स्वतःच्या हाताने अडसर काढणार होता, आणि हे तिच्याइतकेच त्यालाही ठाऊक होते.

"नाही, अधिकार नाही," तो म्हणाला. "नियम माझा नाही आणि आपलाही नाही."

त्याने गळ्यातली दोरी काढली. राणीला वाटले, संपले एकदाचे. तिने तळहात उघडून धरला. ग्वाल्तिएरो समुद्राच्या अंगाला वळला आणि त्याने आपला तुकडा अंगातल्या सगळ्या जोरानिशी दूर भिरकावून दिला. खाली लाटा फुटत होत्या, त्यामुळे तो पडल्याचा आवाजही आला नाही.

राणी धावत कठड्याशी गेली. रिनाल्दोचा चेहरा मात्र तिच्याहून पांढरा पडला. नियमाचा उरलेला भाग त्याला आठवला होता: किल्लेदार जिवंत असेतो नवी मुद्रा नाही.

"दादा, हे काय करून बसलास?"

"ओरडू नकोस. आता दरवाजा कोणालाच उघडता येणार नाही, एवढंच त्यांना कळू दे. बाकीचं पुढचं पुढे बघू."

ड्यूकने राजाला मारले नाही. मेलेला राजा त्याच्या काही कामाचा नव्हता. हिवाळाभर त्याने वेढा आवळून पाहिला. छावणीत ताप शिरला, तंबूगणिक माणसे मेली, आणि राजाच्या मामाने डोंगरातल्या वाटा अडवल्यावर परतीच्या वाटेच्या बदल्यात त्याला लान्दोल्फोला सोडावे लागले. किल्ल्यातली माणसे उपाशी होती, उंदीर खाऊन राहिली होती, पण जिवंत होती.

राजा मामाची फौज घेऊन पुलावर आला. चौकातल्या बायका रडत रडत हसत होत्या. रिनाल्दोने अडसराला हात घातला.

"दादा, वेढा संपला. उघडून टाकतो."

"थांब," ग्वाल्तिएरो म्हणाला आणि बुरुजाच्या कठड्याशी गेला. "महाराज, माझ्याकडची खूण समुद्रात आहे. आपण नियम माफ करावा. दरवाजा आत्ता उघडतो. नाहीतर नियमाप्रमाणे मी खाली येतो."

राजाचा एक शब्द पुरे होता. मामानेही हळूच त्याच्या दंडाला स्पर्श केला. लान्दोल्फोने वर पाहिले. तटावरच्या प्रत्येक माणसाने त्याला त्या सकाळी जीव मागताना ऐकले होते, आणि हा म्हातारा त्यांच्यात सगळ्यांत पुढे होता. ती गोष्ट राजाच्या मनात सडत राहिली होती.

"राणीला तूच म्हणालास ना, की नियम कोणाच्या मालकीचा नाही?" तो म्हणाला. "ते बोल तटाबाहेर माझ्याही कानांवर आले होते. मग मी तो कसा मोडू?"

मला या राजाचा आजही राग येतो.

ग्वाल्तिएरो दोराच्या शिडीवरून उतरला. गुडघे दुखत असल्याने त्याला वेळ लागला, आणि फौज उन्हात उभी राहून त्याला उतरताना बघत राहिली. पुलावर आल्यावर त्याने किल्ल्याच्या चाव्या राजाच्या पायाशी ठेवल्या आणि गुडघे टेकले. राजाने खूण केली. तलवार पहिल्याच वाराला नीट चालली, एवढीच त्या दिवसाची दया.

रक्त वाळले नव्हते तोच नवी मुद्रा पाडली गेली. किल्लेदारी रिनाल्दोकडे आली. त्याने शिडीवरून उतरून भावाचे शरीर ओलांडले, शपथ घेतली आणि आपला तुकडा गळ्यात बांधला.

"महाराज," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आपला तुकडा जपावा. दादाचं शिक्षण माझ्याही अंगी आहे."

तुकडे जुळले, महादरवाजा उघडला आणि राजा आत गेला. तो शिकारीचा शौकीन होता. नगरापलीकडच्या ओकच्या रानात त्याची रानडुकरे होती, ससाणे होते. रोज सकाळी रिनाल्दो मुजऱ्याला येई आणि विचारी, "महाराज, आज बाहेर जायचे का?" लान्दोल्फो गळ्यातला तुकडा चाचपून बघे, मग खिडकीतून पुलाकडे बघे. राजा आत असल्यामुळे महादरवाजा दिवसभर सताड उघडा असे. भाजीवाल्या, कोळी, भिकारी त्यातून मोकळेपणी ये-जा करीत. मरेपर्यंत राजाचे उत्तर एकच राहिले.

"आज नको."