चौदा नंबरच्या दाराबाहेर

दूध आणायचं होतं, एवढंच. अकरा डिसेंबर शहाण्णव, बुधवार, रात्रीचे पावणेदहा. प्रफुल्ल, लिहून ठेव हवं तर. मागाहून म्हणू नकोस की जगन्नाथकाका थापा मारतात. मोरेश्वर आपल्या श्रूजबरीतलाच, वूस्टरच्या एका कंपनीत प्रोग्रामर. बायको अहिल्या आणि चार वर्षांची मोनाली, तिघं मुंबईहून बॉस्टनला परत येत होते. बर्फामुळे ब्रसेल्सला पुढचं विमान कॅन्सल झालं. एअरलाइननं एक रात्र शहरात राहायची परवानगी काढून दिली आणि शहराच्या जुन्या भागातल्या एका साध्या हॉटेलात पाठवलं. लिफ्ट नाही, गोल जिना, तिसऱ्या मजल्यावर चौदा नंबरची खोली.

खोली एवढीशी. दोन पलंग, एक टेबल, एक फोन. अहिल्येनं पर्समधला चिमुकला गणपती टेबलावर ठेवला, पुढे बेसनाचा लाडू ठेवला आणि म्हणाली, "अहो, बूट बाहेर काढा आधी. देवासमोर नकोत." दारामागे एक कार्ड होतं. रात्री दाराबाहेर काहीही ठेवू नये. मोरेश्वरनं ते वाचलं होतं, बरं का! त्याला वाटलं, चोरीची भीती असेल. आपले झिजलेले बूट कोण नेतंय? आपली सवयच ती. आत्ता माझ्या दाराबाहेर तुमचे नऊ जोड पडलेत की नाही? त्यानं तिघांचे बूट भिंतीशी ओळीनं लावले. मोनालीचे लाल, कोरे, आजीनं पुण्यात घेतलेले. डाव्याच्या बकलावर विमानात एक ओरखडा उठला होता.

मग सपाता घालून तो पोरीसाठी खालून कोमट दूध घेऊन आला. परत येतो तर भिंतीशी बूट नाहीत. पॅसेजमध्ये पॉलिशचा वास.

"फ्री सर्व्हिस दिसते यार," तो खूश होऊन अहिल्येला म्हणाला. तरी खात्री करावी म्हणून त्यानं खाली फोन लावला.

"आमच्याकडे बूट पॉलिश करणारा माणूस नाही, सर," काउंटरवरची बाई म्हणाली. "होता. फार पूर्वी." मग तिनं आवाज बारीक केला. "तुम्ही बाहेर ठेवलेत?... किती जोड?"

"तीन."

तिनं फोन ठेवून दिला. मोरेश्वरनं पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. दाराबाहेर ब्रश चालला होता. खस... खस... खस. तो उठला, किल्लीच्या भोकाला डोळा लावला. नुसता काळोख.

मग तो काळोख हलला.

मोरेश्वर मागे सरकला. बाहेर एक जोड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. तो तिसऱ्याची वाट बघत राहिला...

तिसरा आलाच नाही.

"बाबा." मोनाली पलंगावर उठून बसली होती. डोळे मिटलेले. "बाबा, ही इज होल्डिंग माय फूट."

पांघरूण पायथ्याकडे सरकलं. पोरगीही सरकली. अहिल्येनं तिला छातीशी धरलं, तरी ती सरकतच होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर ब्रश चालूच होता. खस... खस.

मोरेश्वर ओरडला. मराठीतच ओरडला. "बूट घे! ते तुला दिले! माझ्या पोरीला सोड!"

ब्रश थांबला.

मग छोट्या बुटांचा आवाज. टक... टक... टक. जिन्यापर्यंत. जिन्यावरून खाली.

उजाडेपर्यंत दोघांनी पोरीला खाली ठेवलं नाही. सकाळी दाराबाहेर दोनच जोड होते, लखलखीत, तळांवर खडूनं चौदा लिहिलेले. त्यांनी ते तिथेच टाकले आणि मोनालीला शालीत गुंडाळून सपातांवरच एअरपोर्ट गाठला. विमानात अहिल्येनं शाल सोडली. पोरीच्या दोन्ही तळव्यांभोवती काळ्या पॉलिशची बारीक रेघ होती. चांभार कागदावर पाऊल ठेवून माप घेतो, तशी. तिनं साबणानं घासघासून काढली.

नंतर काही झालं नाही. मोनाली शाळेत जायला लागली, उंच झाली, पायही वाढले. मोरेश्वर मला म्हणायचा, "काका, मी बूट दिले, पोरगी सोडवली. व्यवहार मिटला." मीही हो म्हणायचो.

गेल्या डिसेंबरात, बरोबर वर्षानं, अकरा तारखेला, सकाळी तो पेपर घ्यायला दार उघडतो तर पायपुसण्यावर लाल बूट. लखलखीत. डाव्याच्या बकलावर तोच ओरखडा. त्यानं उलटून पाहिले. तळावर खडूनं चौदा.

मला बोलावून घेतलं त्यानं. मी पोचलो तेव्हा मोनाली सोफ्यावर बसली होती आणि अहिल्या भिंतीला टेकून नुसती बघत होती. वर्षापूर्वीचे बूट, पोरीचं पाऊल दोन नंबरांनी वाढलेलं. टाचही आत जायला नको होती. मोरेश्वरनं एक बूट तिच्या पायात सरकवला...

बरोबर बसला.