गाळलेली उडी

पडद्यावर जोतिराम शिंत्रे पाच वेळा उभा होता आणि पाचही वेळा त्याला कुणीतरी कमरेला धरून डोक्यावर उचलून फेकत होतं. त्याची थोरली बहीण कौमुदी सकाळपासून हेच बघत बसली होती. बसली होती म्हणणंही तितकंसं खरं नाही. ती जरा वेळ बसे, उठे, प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत जाई, परत येई आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून लावी.

कोल्हापूरच्या 'सह्यांक क्रीडालोक' या कंपनीत ती आवृत्ती-तुलना विभागाची प्रमुख होती. कंपनीचा 'महाझुंज' हा संगणकीय खेळ दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर नव्या आवृत्तीत बाजारात यायचा आणि घरोघरचे लोक त्यात रंगकुस्तीच्या पैलवानांना लढवायचे. रंगकुस्ती म्हणजे रोषणाई, मुखवटे, आरोळ्या आणि आधीच ठरलेला निकाल. नवी आवृत्ती गेल्या वर्षीच्या आवृत्तीशेजारी ठेवायची आणि काय सुधारलं ते सांगायचं, हे कौमुदीचं काम. घाम आता खरा वाटतो, कापडाला सुरकुत्या नीट पडतात, प्रेक्षक सगळे एकदम टाळ्या वाजवत नाहीत, असलं काहीतरी. एवढ्यासाठी माणसं दरवर्षी तोच खेळ पुन्हा का घेतात, हे कोडं तिला कधी सुटलं नव्हतं. पण ते सुटून तिचंच नुकसान झालं असतं, म्हणून ती त्याच्या वाटेला गेली नव्हती.

यंदा पाचवी आवृत्ती निघायची होती. जाहिरातवाल्यांना पाचही आवृत्त्या ओळीने दाखवणारी चित्रफीत हवी होती. कौमुदीने आपल्या भावाला निवडलं, कारण पहिल्या आवृत्तीपासून खेळात असलेल्या थोड्या पैलवानांपैकी तो एक होता. शिवाय तो तिचा भाऊ होता. पाच जोतिराम तिने एकावर एक ठेवले, आणि तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

पहिल्या आवृत्तीतला जोतिराम वर उचलला जाण्याआधी गुडघ्यांत वाकून स्वतःच हलकी उडी मारत होता, आणि हवेत हनुवटी छातीला लावत होता. दुसऱ्या आवृत्तीत उडी थोडी कमी होती. तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीत ती असून नसल्यासारखी. पाचव्या आवृत्तीत त्याचे पाय शेवटपर्यंत जमिनीला चिकटलेले होते आणि मान ताठ होती. एका वर्षाचा फरक डोळ्यांना दिसत नव्हता. दरवर्षी दोनच आवृत्त्या शेजारी ठेवणाऱ्या कौमुदीला तो दिसलाही नव्हता.

तिने चलनशास्त्र विभागाच्या डॉ. प्रभंजन हुपरीकरांना बोलावून घेतलं. पैलवानांच्या हालचाली टिपून त्यांची खेळातली आभासी रूपं घडवायची, ही सगळी पद्धत त्यांनीच बसवली होती.

"सर, ही उडी कुठं गेली?"

हुपरीकरांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाळली. आपल्या हेतू-गाळणीनं. पहिल्या आवृत्तीला लोक काय म्हणाले होते, विसरलीस? नुरा! समोरचा गडी स्वतःच उडी मारतोय, ही कसली कुस्ती? माझ्या सख्ख्या काकांनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं."

कोल्हापूरच्या माणसाला बाकी काहीही म्हणावं, त्याच्या कुस्तीला नुरा म्हणू नये. संगनमताने लढायचं आणि ठरवून हरायचं, याला तिथे नुरा म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना तोंड कडू झाल्यासारखं करतात. दुसऱ्या कुठल्या गावच्या अभियंत्यांनी ती उडी तशीच ठेवली असती. रंगकुस्ती ठरलेलीच असते, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. पण या मंडळींना ठरलेली कुस्ती दाखवतानाही लाज वाटत होती.

"गाळणी करते तरी काय नेमकं?" कौमुदीने विचारलं.

"प्रत्येक हालचालीला एकच प्रश्न विचारते. हिच्यानं हा गडी जिंकेल का? जिंकायच्या कामाची असेल तर ठेवते. नसेल तर जरा पुसट करते. उचलला जाणारा उडी मारतो ती समोरच्याला मदत म्हणून. ती जिंकायच्या काय कामाची?"

"पण जराच पुसट करते ना? मग पाच वर्षांत पार नाहीशी कशी झाली?"

"पैलवान सराव कशात करतात? सराव-कवचात. अंगावर घातलं की ते हातापायांना ढकलून डाव शिकवतं. आणि कवचात डाव भरलेले असतात आपल्या ताज्या आवृत्तीतले. म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत आपण उडी थोडी पुसली. ती पुसट उडी पैलवानांच्या अंगात भिनली. तिसऱ्या आवृत्तीला आपण त्याच पैलवानांच्या हालचाली टिपल्या, परत गाळल्या..." बोलता बोलता हुपरीकरांचा आवाज बसत गेला.

"खेळातनं नाही सर, माणसांतनंच गाळलीय आपण ती."

हुपरीकरांनी पडद्याकडे बोट केलं. "फेक तर अजून पडतेच आहे की," ते चाचरत म्हणाले. "बघ, किती झोकात वर जातोय."

"आणि मान? ती सांभाळायची हालचाल पण गेलीय. जोतिरामबरोबरच्या दोघांच्या मानेला पट्टे लागलेत. आम्हाला वाटलं, नशीब त्यांचं." कौमुदीने पिशवी उचलली. "आज संध्याकाळी त्याची झुंज आहे, सर. शेवट याच फेकीनं ठरलाय."

हुपरीकर माणूस सरळ. त्यांनी तिच्यादेखतच आयोजकांना फोन लावला आणि झुंज थांबवायला सांगितलं. पलीकडचा गडी मोकळेपणाने हसला. "अहो डॉक्टर, ठरलेली कुस्ती ती. ठरलेल्या कुस्तीत कधी कुणाची मान मोडलीय का?"

क्रीडागारात कौमुदी पोचली तेव्हा लोक आत यायला लागले होते. रंगकुस्तीत एक जुना रिवाज कसोशीने पाळतात. झुंजीच्या दिवशी दोन्ही पैलवानांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. त्यांचं वैर खरं वाटलं पाहिजे, म्हणून त्यांच्या खोल्याही इमारतीच्या दोन टोकांना असतात. जोतिरामचा आजचा वैरी 'वज्रकाळ', म्हणजे घरी कबुतरं पाळणारा तातोबा पोवार, पलीकडच्या टोकाला होता. त्याच्याकडे जायला कौमुदीला कुणी सोडलं नसतं. तिला तशी गरजही वाटली नाही. मदत करायची ती उचलल्या जाणाऱ्याने. तातोबाला काय सांगायचं होतं?

जोतिराम अंगाला तेल चोळत होता. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "व्हय आक्का, आधी मारत हुतो खरं आमी उडी. तातोबानं खुणेला मनगाट दाबलं की. कधी सुटली, कळलंच न्हाई बघ."

"तो दाबतो अजून मनगट?"

"दाबतोय की. पर आता त्याचं कायच वाटत न्हाई. सवय म्हणून दाबतोय."

"आज त्यानं दाबलं की उडी मार. हनुवटी छातीला लाव. मला करून दाखव."

त्याने करून दाखवली. पाय जड पडले. ती 'परत' म्हणाली. मग त्या अरुंद खोलीत खुर्च्या बाजूला सारून ती त्याचं मनगट दाबत राहिली आणि तो उड्या मारत राहिला. घंटा वाजायच्या सुमारास गडी पहिल्या आवृत्तीतल्यासारखा हलका उडायला लागला. तिने त्याच्या तेलकट गालावरून हात फिरवला, आणि तिला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तुलनेचा कुणाला तरी उपयोग होत होता.

जागेवर येऊन बसली तरी तिला चैन पडेना. खाली झुंज रंगात आली होती. जोतिराम आपटला की लोक उठत, तातोबा मुखवट्यातून डरकाळी फोडी, लोक पुन्हा बसत. कौमुदीच्या कानांत हुपरीकरांचं एकच वाक्य घुमत होतं, फेक तर अजून पडतेच आहे की. उडी नाहीशी झाली, मग एवढा दणकट माणूस डोक्यावर जातो कसा?

तिने मांडीवर आपला लहान संगणक उघडला. दिवसभर ती फक्त भावाला बघत आली होती. आता तिने तातोबाच्या पाच आवृत्त्या काढल्या आणि एकावर एक ठेवल्या. पहिल्या आवृत्तीत त्याच्या कमरेचा रेटा बेताचा होता. मग दर आवृत्तीत तो वाढत गेला होता. जोतिरामची उडी जितकी घटली होती, तितकाच. जोतिरामला वर न्यायचं तर होतंच, म्हणून दरवर्षी तो बिचारा थोडा जास्त जोर लावायला शिकला होता. त्या जोराला गाळणीने बोटही लावलं नव्हतं. उचलायचा जोर जिंकायच्याच कामाचा होता.

म्हणजे आज तातोबा दोघांच्या वाटचा जोर एकटाच लावणार होता. आणि त्यात जोतिरामने आपली उडीही घातली तर?

कौमुदी उठली आणि पायऱ्यांवरून खाली धावत सुटली. "जोत्या, उडी मारू नगंस!" ती ओरडली. पण सगळं क्रीडागार ओरडत होतं. फेकीची वेळ झाली होती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कठड्यापाशी दोन रखवालदारांनी तिला धरलं. तातोबाचा पंजा भावाच्या मनगटावर आवळला गेला, तो तिला तिथून स्पष्ट दिसला.

जोतिरामने सुंदर उडी मारली.

तो तातोबाच्या हातांतून निसटून त्याच्या डोक्याच्याही खूप वर गेला. एवढी उंच फेक कुणी कधी पाहिली नव्हती. लोक आनंदाने वेडे झाले. मुखवट्यातल्या तातोबाने दोन्ही हात पसरले, पण ज्याला धरून दमाने खाली ठेवायचं, तो जोतिराम त्याच्या पाठीमागे पडत होता. हनुवटी छातीला लावलेली होती. तेवढ्या उंचीवरून खाली येताना तिचा काही उपयोग झाला नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आत सोडलं. बाहेरच्या बाकावर तातोबा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तिच्याकडे मान वर करून बघायचं धाडस त्याला झालं नाही, आणि तिलाही त्याच्याशी बोलायला तोंड नव्हतं. जोतिरामचं डोकं लोखंडी चौकटीत बांधलेलं होतं. मानेखाली त्याला काहीच हलवता येत नव्हतं आणि पुढे येईल असंही डॉक्टर म्हणत नव्हते. तिला बघून त्याचे डोळे मात्र हसले.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "उडी बराबर बसली न्हवं?"

तिला वाटलं, आपली जीभ झडावी. तिने त्याचा हात हातात घेतला, ज्याचा स्पर्श त्याला कळत नव्हता.

"बसली रे," ती म्हणाली. "तू अगदी मी सांगितल्यासारखी मारलीस."