उलटा पदर

बारा म्हणजे बारा. तेराव्या फोटोला रोलमध्ये जागा नव्हती, आणि त्यातले दहा आपण काढणार असं नरेंद्रने बसमध्ये बसल्याबसल्या जाहीर करून टाकलं. कारण काय, तर कॅमेरा त्याच्या मामाचा. विनया त्याची सख्खी बहीण, ती कशाला ऐकून घेते! तिने सरळ कॅमेऱ्याचा पट्टाच ओढला. चंदा म्हणाली की भांडता भांडता कॅमेरा खिडकीतून खाली गेला तर एकही फोटो निघायचा नाही. तेव्हा कुठे चार-चार-चार असा तह झाला.

१९८१ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती, वार शनिवार. लखनऊमधल्या आलमबागच्या सरकारी कॉलनीतली ही तीन मराठी पोरं निसर्गाचे फोटो काढायला मलिहाबादला निघाली होती. सुट्टी संपली की शाळेत फोटोंचं प्रदर्शन होतं. नरेंद्र चौदाचा, विनया बाराची. घरी मराठी कळायचं सगळं, पण नरेंद्र उत्तर देणार ते हिंदीत. चंदा विनयाच्याच वर्गातली. तिचे बाबा श्रीपतराव मूळचे अकोल्याचे, एका सरकारी खात्यात फोटोग्राफर होते. रस्ते, पूल, कालवे यांचे फोटो काढायचे, धुवायचे, मागे सुबक अक्षरात माहिती लिहायची, हे त्यांचं काम. त्यांच्या कामात चूक सापडली असं कॉलनीत कुणी ऐकलं नव्हतं, आणि चंदाला त्याचा भारी अभिमान होता.

म्हणूनच तिने पिशवीतून बाबांचा एक फोटो आणला होता. बाबा जिथे उभे राहिले तिथेच उभं राहून तोच देखावा टिपायचा, असं तिने ठरवलं होतं. फोटो मलिहाबादच्या आतल्या एका रस्त्याचा होता. एका बाजूला वाळून गेलेली शिसवाची रांग, दुसऱ्या बाजूला आंब्याची हिरवीगार रांग. लांब रस्त्याच्या कडेला पाठमोरी, बोटाच्या पेराएवढी आई. फेब्रुवारीत खात्याच्या जीपमधून बाबा तिलाही घेऊन गेले होते, तेव्हाचा तो फोटो. मागे लिहिलं होतं, ‘लखनऊच्या टोकाकडून.’

दुपारपर्यंत रोल संपला. तळं झालं, बगळे झाले, विनयाने एका म्हशीवर दोन फोटो उडवले. शेवटचा चंदाने राखून ठेवला होता. ती रस्त्याच्या लखनऊकडच्या टोकाला, मोरीवर उभी राहिली, बाबांचा फोटो डोळ्यांसमोर धरला, आणि गोंधळली. फोटोत वाळलेली झाडं डावीकडे होती. समोर ती उजवीकडे होती. डावीकडे आंबे होते, अकरा, आणि प्रत्येकाच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने ताजा आकडा काढलेला होता.

तिने फोटो काढला खरा, पण मन त्यात नव्हतं.

आंब्यांखाली बाजेवर मुश्ताक चाचा बसले होते. जागा सरकारची, पण ही अकरा दशहरी आंब्याची झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली आणि त्यांनी स्वतः पाणी घालून वाढवलेली. पोरांनी आकड्यांचं विचारलं तेव्हा ते सावकाश म्हणाले की रस्ता रुंद होणार आहे, सोमवारी सकाळी सात वाजता झाडं पडणार. आणि त्यांनी फांदी धरून दाखवली. कैऱ्या एवढ्या लगडल्या होत्या की फांदी हाताला जड लागत होती. तीन आठवड्यांत पिकल्या असत्या.

“पण तोडायची तर ती वाळलेली तोडा ना!” विनया म्हणाली.

चाचा म्हणाले, हेच मी चार वेळा सांगून आलो, बेटी. ते म्हणतात, हुकमात डावी रांग लिहिली आहे.

चंदाने हातातल्या फोटोकडे पाहिलं. हुकूम लिहिणाऱ्याने समोर ठेवला असेल तो हाच फोटो.

नरेंद्रला लगेच उलगडा झाला. “सीधी बात है यार. काका दूसरे छोर पर खड़े थे, लिख दिया लखनऊ का.” तिघं धावत दुसऱ्या टोकाला गेली. तिथून खरंच वाळलेली झाडं डावीकडे दिसत होती. झाडं एकसारखी, रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. फोटो जुळला. बाबांनी दोन टोकांमध्ये गफलत केली, हे चंदाच्या घशाखाली उतरेना.

घरी गेल्यावर बाबांच्याही नाही उतरलं. “मी लखनऊच्या टोकालाच उभा होतो. पायाखाली नाल्याची मोरी होती, त्या मोरीवर मी कॅमेऱ्याची तिपाई लावली,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

मोरी लखनऊच्याच टोकाला होती. पोरांनी स्वतः पाहिली होती.

रविवारी तिघं रस्त्याच्या कामाचे जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर, यांच्या दारात जाऊन उभी राहिली. साहेब बनियनवर पेपर वाचत होते. त्यांनी फोटो पुढून पाहिला, मागून वाचला, आणि शांतपणे सांगितलं की सही मोठ्या साहेबांची आहे, फाइलमध्ये फोटो हाच आहे, त्यात डावी रांग वाळलेली आहे. झाडं हिरवी आहेत, तुम्ही बघून या, असं पोरांनी परोपरीने सांगितलं. साहेबांनी आकडे घालायला पेंटर पाठवला होता, स्वतः काही ते गेले नव्हते. एवढ्या उन्हात कोण जातो!

“तुम्हारे पिताजी लिखकर दे दें कि ग़लत छोर से खींचा,” ते म्हणाले. “फिर मैं काम रोक दूँगा. वरना काग़ज़ तो काग़ज़ है.”

आता पंचाईत आली ती इथे. बाबा लिहून देईनात. जे घडलंच नाही ते लिहून कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ते स्वतः जेईंकडे जाऊन तासभर वाद घालून आले. आले ते लालबुंद होऊन, कारण जेईंनी शेवटी एवढंच विचारलं होतं की फोटो आपलाच आहे ना? आई म्हणाली, अहो, झाडं मरतील ना त्यात. बाबा म्हणाले, “मी खोटा नाही, द्रौपदी. आणि फोटोपण खोटा नाही. मला काही समजत नाही.”

चंदा त्या दिवशी जेवली नाही. बाबा खरे, तर झाडं जाणार. झाडं वाचवायची, तर बाबा खोटे. तिला दोन्ही नको होतं आणि तिसरं काही सुचत नव्हतं. उशीत तोंड खुपसून ती रडली, आणि रडूनही काही सुचलं नाही.

सोमवार उजाडला. सात वाजून गेले तेव्हा घरात घड्याळाकडे कुणी बघेना. आई रेशनला जायला निघाली होती, आरशासमोर उभी राहून पदर सारखा करत होती. शेजारच्या मिश्राइन दारातून रोजच्यासारखं चिडवून गेल्या, “द्रौपदी, फिर वही उल्टा पल्ला?” मिश्राइन काय, लखनऊच्या साऱ्याच बायका पदर मागून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे सोडायच्या. आई आपली गावाकडची सवय धरून पदर डाव्या खांद्यावरून मागे टाकायची. त्यावरून ही थट्टा कायमचीच.

चंदाने सहज आरशात पाहिलं. आरशातल्या आईचा पदर उजव्या खांद्यावरून मागे गेला होता.

ती ताडकन उठली. फोटो घेतला, बाबांचं भिंग घेतलं, आणि खिडकीत नेऊन बोटाच्या पेराएवढ्या आईकडे पाहिलं. पाठमोरी आई. पदर पाठीवर लोंबत होता, पण उजव्या खांद्यावरून.

“आई, तू असा पदर कधी घेतलास?”

आईने भिंगातून पाहिलं. “मी? असा तर इथल्या बायकासुद्धा घेत नाहीत. त्या उजवीकडून घेतात तो पुढे सोडतात.”

चंदा बाबांकडे वळली. जे बोलायचं होतं ते तिला नकोसं वाटत होतं. “बाबा, तुम्ही दुसऱ्या टोकाला असता तर आईचा पदर बरोबर दिसला असता. तुम्ही लखनऊच्याच टोकाला होतात. पण फोटो छापताना निगेटिव्ह उलटी बसली. आरशात दिसतं तसं झालं सगळं. झाडंपण.”

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. फोटो छापले त्या दिवशी वीज सारखी जात होती, ते पुटपुटले. चाळीस फोटो छापायचे होते. घाईघाईत. “म्हणजे झाडं माझ्यामुळे,” ते म्हणाले.

निगेटिव्ह ऑफिसच्या कपाटात, आणि ऑफिस उघडणार दहाला. त्याशिवाय जेई हलणार नव्हते. चंदाकडून हे कळताच नरेंद्र रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवून विनयासह मिळेल त्या बसने पुढे पळाला.

दोघं पोचली तेव्हा तीन झाडं आडवी झाली होती. मुश्ताक चाचा बाजेवर तसेच बसून होते, फक्त पाठ फिरवून. कुऱ्हाडवाले चौथ्याकडे वळत होते. नरेंद्रने क्षणभर विचार केला आणि थेट मुकादमापुढे जाऊन म्हणाला, “आप सबकी फ़ोटो खींचूँ? शहर में प्रदर्शनी में लगेगी.” झालं! कुऱ्हाडी खांद्यावर गेल्या, मिश्या पिळल्या गेल्या. विनया प्रत्येकाला पुढे-मागे करी, हनुवटी वर घ्यायला लावी, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून सगळी रांग परत फिरवी. नरेंद्र रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होता. रोल तर शनिवारीच संपला होता.

दोन तास असे गेले. मग मुकादम म्हणाला, बहुत हो गया, आणि चौथं झाड पडलं. कैऱ्या रस्त्यावर विखुरल्या. विनया मोठ्याने रडायला लागली, आणि कुऱ्हाडवाल्यांनी तिची समजूत काढायला पाणी आणलं. त्यात अजून थोडा वेळ गेला.

साडेबाराला जीप आली, आत जेई, श्रीपतराव आणि चंदा. श्रीपतरावांनी सगळ्यांदेखत निगेटिव्ह उन्हात धरली. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे सुलटे वाचता येतील अशी धरली, तर वाळलेली झाडं उजवीकडे. जेईंनी पाहिलं. मग मान वर करून झाडांकडेही पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

“ग़लती मेरी है,” श्रीपतराव म्हणाले आणि लिहून आणलेला कागद पुढे केला.

काम थांबलं. जेई चंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की बच्ची की नज़र तेज़ है. मोठ्या साहेबांनीही दुसऱ्या दिवशी तिला बोलावून शाबासकी दिली, आणि त्याच दिवशी बाबांना खुलासा मागणारं पत्रही दिलं. चाचा म्हणाले, सात वाचवलीस, जीती रहो बिटिया. पडलेल्या झाडांच्या कैऱ्या त्यांनी टोपलीभर दिल्या. चंदाला कुणाच्याच शाबासकीने बरं वाटलं नाही. तिला सारखं वाटत होतं, आईचा पदर शनिवारीच का नाही दिसला आपल्याला?

जाताना एका कुऱ्हाडवाल्याने नरेंद्रला विचारलं, फोटो कधी मिळणार. नरेंद्र कानापर्यंत लाल झाला. बाबांना ते कळलं, आणि पुढच्या रविवारी ते स्वतःचा कॅमेरा घेऊन सगळ्यांना तिथे घेऊन गेले. कामगार वाळलेली रांग तोडत होते. बाबांनी एकेकाचा खराखुरा फोटो काढला.

मग मोरीवर तिपाई लावली. आईला लांब रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी केली. डावीकडे आंब्याच्या रांगेत आता चार जागी नुसतं आकाश होतं. बाबांनी बटण दाबलं.

फोटो छापून आला तेव्हा आईने आधी भिंगातून आपला पदर तपासला. बरोबर होता. बाबांनी फोटो पालथा केला आणि पेन चंदापुढे धरलं.

“तू लिही. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला.”

चंदाने लिहिलं, ‘लखनऊच्या टोकाकडून. डावीकडे आंबे, सात.’ मग खाली लिहिलं, ‘होते अकरा.’