हाज मितवल्लींची पाळी

माझ्या नवऱ्याला, हातेमला, पोट आणि यकृताच्या तज्ज्ञांच्या हाताखाली शिकायला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली रात्रपाळी होती. म्हणून सबरी काका इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या आमच्या गच्चीवर चहाला आले आणि अंधार पडताच त्याची झोप उडेल असं काहीतरी काढून बसले. या घरातलं प्रेम असंच आहे, हे मला लग्नानंतर महिनाभरात कळलं होतं.

"नबीह माझ्याबरोबर शिकायला होता," काका म्हणाले. "तुझ्यासारखाच. कोट नवा, बूट जुने."

"माझे बूट नवे आहेत, काका."

"मग उद्या रात्री पळायला बरे."

तेव्हा नियम असा होता, काका सांगू लागले, की रात्री शिकाऊ डॉक्टरनं एकट्यानं घशात दुर्बीण घालायची नाही. वरिष्ठांची वाट बघायची. तूबा महिन्यातल्या, म्हणजे ऐन जानेवारीतल्या थंडीत हाज मितवल्ली नावाचे म्हातारे शेतकरी रक्त ओकत आले. जन्मभर कालव्याच्या पाण्यात उभं राहून, त्यातल्या जंतांनी यकृत गेलेलं, त्यामुळे अन्ननलिकेतली शीर फुगून फुटलेली. नबीहनं त्यांना दुर्बिणीच्या खोलीत, दाराजवळच्या खाटेवर निजवलं.

"पाच मिनिटं, हाज. वरिष्ठ येतायत."

हाज थांबले. वरिष्ठ आले तेव्हा ते संपले होते.

पुढच्या गुरुवारी रात्री दोनला नफीसा आली. तरुण बाई, तीन लहान पोरं, तसंच रक्त. वरिष्ठांचा फोन लागेना.

"मी दुर्बीण घालतोय," नबीह म्हणाला.

"मोठे सर तुमची कातडी सोलतील," नर्स अवातिफ म्हणाली.

"सोलू देत. वाट बघून झाली माझी."

अवातिफनं नफीसाच्या दातांमध्ये प्लास्टिकचं कडं बसवलं, म्हणजे ती दुर्बीण चावणार नाही. दुर्बिणीचं चित्र पडद्यावर नीट दिसावं म्हणून खोलीतला दिवा मालवला.

पडद्यावर नुसतं लाल. शीर सापडेना.

मागून आवाज आला. "पाच मिनिटं झाली, डॉक्टर."

नबीहनं मान वळवली नाही.

"हाज... हिला आधी घेऊ द्या. पोरं लहान आहेत हिची."

"कुणाशी बोलताय?" अवातिफनं विचारलं.

मानेवर ओला श्वास... गार.

"तुमची परवानगी असेल तर, हाज..."

...

"घ्या."

लाल ओसरलं. शीर दिसली. नबीहनं तिच्यावर रबरी वेढा बसवला. रक्त थांबलं. नफीसा वाचली.

दाराजवळची खाट करकरली. कुणीतरी आडवं झालं.

"आता मी."

अवातिफनं दिवा लावला.

खाट रिकामी. चादरीवर सुरकुती नाही. नफीसाचं कडं तिच्या तोंडातच होतं.

उशीवर दुसरं होतं. त्यावर दातांचे खोल ठसे. नबीहनं ते उचललं...

अजून कोमट होतं.